विहीणबाईंचे डोळे

माझ्या विहीणबाईंचे डोळे घारीसारखे आहेत. वैजापूरला त्यांच्या गल्लीच्या तोंडाशी कुणी वळलं की त्या ओसरीवर बसून सांगतात, कोण आलं अन् हातातल्या पिशवीत काय आहे. हे आधीच सांगून ठेवते, कारण आमच्या चर्चच्या सगळ्या मंडळीनं तीन रविवार याच डोळ्यांसाठी प्रार्थना केली. एक बाई तर त्यासाठी उपाशी राहिली. अन् ती प्रार्थना मागितली होती मी.

मी द्वारकाबाई शेजवळ. सिडकोत एन-सातला राहते. माझ्या आजेसासऱ्यांनी पिशोरला असताना येशूचं नाव घेतलं, तेव्हापासून आमचं घराणं ख्रिस्ती. नवीन आलेल्या पाळकांनी मला एकदा विचारलं, आजी, तुमचं नाव द्वारका कसं? म्हणलं, बापानं ठेवलं, मी बदललं नाही, प्रभूला अजून तरी घर चुकलेलं नाही. माझी शाळा चौथीपर्यंतची. पण महिला मंडळाची अध्यक्ष मी बावीस वर्षं आहे, अन् बीए झालेल्या बायका माझ्यापुढं पदर सावरून बोलतात. अध्यक्ष होते, असं म्हणायला पाहिजे. ते पुढं येईल.

झालं असं की आमच्या घरी कॉटेज होती. कॉटेज म्हणजे घरोघरी पाळीपाळीनं होते ती प्रार्थना. गाणी, वचन, प्रार्थना अन् शेवटी जेवण. तेवीस माणसं येणार होती. माझी सून सोनिया चिकलठाण्याला औषधाच्या कंपनीत पॅकिंगची सुपरवायझर आहे. तिची त्या दिवशी पहाटेची शिफ्ट होती. ती दुपारी चार वाजता आली, भाजी केली, भात केला, वरण केलं, माझ्या नातीचा, श्रेयाचा अभ्यास घेतला, अन् पोळ्या आणल्या पोळीभाजी केंद्रातून. आणल्या त्या आणल्या, वर आमच्याच डब्यात, आमच्याच फडक्यात गुंडाळून ठेवल्या. मला काय कळत नाय का? डबा उघडल्याबरोबर कळलं. सगळ्या एका मापाच्या, एका जाडीच्या, छापखान्यातून निघाल्यासारख्या.

आता पाहुण्यांसमोर सुनेला बोलायची आमच्या घरात रीत नाही. म्हणून मी देवाला बोलले.

जेवणाआधीची शेवटची प्रार्थना घरच्या मोठ्या माणसानं करायची असते. सगळ्यांनी डोळे मिटले. मी हात जोडले अन् म्हणलं, "हे दयाळू बापा, तू दिलेल्या अन्नाबद्दल तुझे आभार. ज्या घरात सुनेला चार पोळ्या लाटायचा कंटाळा येतो, अन् विकतचा घास संतांच्या ताटात पडतो, त्या घरावर दया कर. तिच्या हातांना बळ दे, बापा. तिच्या मनाला लाज दे."

अन् सगळे म्हणाले, "आमेन."

तेवीस जण. एका सुरात. पाळकसाहेबसुद्धा, सवयीनं. डोळे उघडले तर सोनिया दारात पाण्याचा जग घेऊन उभी. तिचं आमेन काही मला ऐकू आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती एक बॅग अन् श्रेयाला घेऊन निघाली. माझ्या पोराला, राजेंद्रला म्हणाली, "तुमच्या आईंनी माझी तक्रार थेट वर केलीय. तिथला निकाल लागेपर्यंत मी वैजापूरला राहते. कंपनीत रजा टाकलीय."

राजेंद्र माझ्याकडं बघत राहिला. पोरगा गरीब आहे, बापावर गेला. एवढंच म्हणाला, "आई, एक फोन कर. चुकलं म्हण."

"मी? देवाजवळ केलेल्या प्रार्थनेची मी माणसाकडं माफी मागू?"

तो डबा न घेताच कामावर गेला.

मला सून परत पाहिजे होती. ते मी कुणाजवळ कबूल केलं नसतं, पण पाहिजे होती. श्रेया नसली की घरात टीव्हीसुद्धा मोठ्यानं लावावा वाटत नाही. फक्त हे सगळं माफी न मागता अन् कुणाला न कळता व्हायला पाहिजे होतं.

त्या रविवारी चर्चच्या पायरीवरच मंजुषाबाई तुपे भेटल्या. मंडळाच्या सेक्रेटरी. सहा वर्षं त्यांची नजर माझ्या खुर्चीवर आहे. खुर्ची पुसायची झाली तरी त्या बसून पुसतात.

"सूनबाई दिसत नाहीत?"

"वैजापूरला गेलीय. तिच्या आईच्या डोळ्याचं ऑपरेशन आहे."

कसं आलं तोंडात ते प्रभूलाच म्हाईत. तिथंच मिटलं असतं. पण उपासनेत पाळकसाहेबांनी विचारलं, कुणाची काही प्रार्थनेची विनंती? तर मंजुषाबाईंनी मला कोपरानं ढोसलं. "उठा की. मंडळीचा आधार कशाला असतो?" मी उठले. सांगितलं.

"कोणता डोळा?" पाळकसाहेबांनी वहीत लिहायला पेन काढलं.

"दोन्ही," मी म्हणलं. खोटं बोलायचंच तर एक डोळा कशाला मागं ठेवायचा.

मंडळीनं प्रार्थना केली. मनापासून केली, ही त्यातली वाईट गोष्ट. म्हातारे गुडघे टेकले. मंजुषाबाईंनी जाहीर केलं की त्या दर शुक्रवारी उपास धरणार.

पुढच्या रविवारी पाळकसाहेबांनी नवीनच काढलं. हे अभय पारखे, वय एकतीस, पुण्याहून शिकून आलेले, झग्याखाली कॅनव्हासचे बूट घालतात. म्हणाले, "दोन रविवारांनी आपण साक्षीचा रविवार करू. साक्ष देणं म्हणजे आपण काय करतो, सांगा बरं?"

मी पहिल्या बाकावरून सांगितलं, "पत्रिका वाटतो." अन् खोटं नाही. मी आयुष्यभर सुवार्ता सांगितली आहे. गॅसवाल्याला सांगितली, तो सिलिंडर खांद्यावर घेऊन ऐकत होता. क्रांती चौकाच्या सिग्नलला रिक्षावाल्याला सांगितली. सिग्नल सुटला, मागचे हॉर्न वाजवायला लागले, पण मी क्रुसापर्यंत पोचल्याशिवाय त्याला हलू दिलं नाही. भाजीवालीला तर इतक्या पत्रिका दिल्या की एकदा तिनं मला त्यातच मिरच्या बांधून दिल्या.

पाळकसाहेब म्हणाले, "अनोळखी माणसाला सांगणं सोपं असतं, आजी. तो आपल्या घरात काय चाललंय ते बघायला येत नाही. या वेळी प्रत्येकानं एकच माणूस आणायचा, अन् असा, की जो तुम्हाला रोज बघतो. आमिष नाही, जबरदस्ती नाही, वादावादी नाही. दिवस कसे आहेत ते तुम्हाला माहिती आहे. फक्त या म्हणायचं. येतो म्हणाला तर आणायचं."

मंजुषाबाई माझ्याकडं वळून हसल्या. "द्वारकाबाई कुणाला आणणार? त्यांच्या शेजारी तर त्या कालिंदीबाई. त्या कुठल्या येतायत."

"त्यांनाच आणते," मी म्हणलं.

कालिंदीताई सावंगीकर सव्वीस वर्षं माझ्या शेजारी राहतात. सिडकोचं घर, दोन्ही घरांत भिंत एकच. यजमान वारले, मुलगा सुयश बेंगळुरूला. सरकारी दप्तरात एकतीस वर्षं नोकरी करून रिटायर झाल्या. अजूनही दूधवाल्यानं तारीख चुकवली तर कॅलेंडर घेऊन गेटपाशी येतात. दर नाताळाला मी त्यांना करंज्यांचं ताट देते अन् ताटात एक पुस्तिका ठेवते. करंज्यांची तारीफ येते. पुस्तिकेचं काही येत नाही.

त्या दिवशी मी सहा मुद्दे तयार करून गेले. त्या नाही म्हणल्या तर काय, देव एकच आहे म्हणल्या तर काय, गुडघे दुखतात म्हणल्या तर काय. कुंपणापाशी उभी राहिले अन् म्हणलं, "कालिंदीताई, दोन रविवारांनी आमच्या चर्चमध्ये या."

"येते."

मी थांबलेच. "येता?"

"सव्वीस वर्षं तुम्ही मला वाचा म्हणताय. या असं आज म्हणालात." त्यांनी चष्मा पुसला. "पण आधी वाचून येते. विषय माहिती नसताना बैठकीला बसायची मला सवय नाही."

मी घरी नाचतच आले म्हणा ना. फोन उचलून मंजुषाबाईंना सांगितलं. राजेंद्रलाही सांगितलं. तो म्हणाला, "चांगलंय. सोनियाला फोन केला का?"

आठ दिवसांनी कालिंदीताई स्वतः माझ्या घरी आल्या. हातात माझी नाताळची पुस्तिका. सगळीकडं पेन्सिलीनं खुणा, समासात प्रश्न, दोन ठिकाणी लाल रेघ.

"बसा. मला एक सांगा," त्या म्हणाल्या. "हा येशूचा शिष्य, कोळी. जो सारखा पुढं पुढं करतो. मी अमुक करीन, मी तमुक करीन, मी मरेन पण सोडणार नाही. हा तुमच्यातला मुख्य ना पुढं?"

"व्हय. फार मोठा माणूस."

"अन् येशूला पकडून नेल्यावर शेकोटीपाशी बसून एका मोलकरणीला म्हणतो, मी त्या माणसाला ओळखत नाही. एकदा नाही, तीनदा."

"मग रडला ना तो," मी म्हणलं.

"रडला ते वाचलं. मला वेगळंच आश्चर्य वाटलं. हे लिहिलं कुणी? त्याच्याच माणसांनी. मी एकतीस वर्षं कागदं सांभाळली, द्वारकाबाई. साहेबाची अशी फजिती कागदावर आली तर तो कागद सापडत नसतो. यांनी तो जपून ठेवला, अन् तोच जगभर वाचून दाखवतात." त्यांनी पुस्तिका मिटली. "बाकीचं मला पटलं असं नाही. पाण्यावर चालणं वगैरे राहू द्या. पण जी माणसं स्वतःचं असं सांगतात, त्यांचं बाकीचं ऐकून तरी घ्यावं असं वाटलं. म्हणून येते."

मला लई आनंद व्हायला पाहिजे होता. पण त्यांनी उठता उठता दुसरंच काढलं.

"परवा तुमच्या मंडळातल्या दोघी आल्या होत्या. तुम्ही बाजारात होता. मला विचारत होत्या, द्वारकाबाईंच्या विहीणबाईंचे डोळे कसे आहेत."

मी चहाच्या कपबशा गोळा करायला लागले.

"मी म्हटलं, मला माहिती नाही. पण आपली भिंत एका विटेची आहे, द्वारकाबाई. तुमची ती प्रार्थना मी ऐकली. सकाळी सोनिया काय म्हणाली तेही ऐकलं. एकदा मी टाळलं. तिथं आल्यावर कुणी परत विचारलं, तर दुसऱ्यांदा माहिती नाही म्हणायला मला जमायचं नाही. शेकोटीपाशी बसल्यासारखं वाटेल."

अन् गेल्या. सरळ पाठीनं, गेटाची कडी नीट लावून.

आता माझी गत बघा. ज्या बाईला चर्चमध्ये आणायला मी सव्वीस वर्षं करंज्या तळल्या, तिला येऊ न देण्यासाठी मी पुढचा आठवडा खपले. सोमवारी म्हणलं, "ताई, आमचे बाक फार कडक आहेत." त्या म्हणाल्या, "उशी आणते." मंगळवारी म्हणलं, "उपासना दोन-दोन तास चालते." त्या म्हणाल्या, "आमच्याकडं सत्यनारायण तीन तास चालतो." बुधवारी म्हणलं, "गाणी लई बेसूर म्हणतात." त्या म्हणाल्या, "तुमचं गाणं मी भिंतीतून रोज ऐकते, तयारी आहे." शुक्रवारी मी शेवटचं काढलं. "लोकं काय म्हणतील, तुमच्यातले?"

"मी बहात्तर वर्षांची आहे. लोकांनी लवकर म्हणून घ्यावं," त्या म्हणाल्या. "द्वारकाबाई, तुम्हाला मी यायला नको असेल तर सरळ सांगा."

सरळ सांगायचंच तर नव्हतं ना.

शनिवारी राजेंद्र वैजापूरला जाऊन आला. दर शनिवारी जात होता. येताना एकटाच आला, अन् श्रेयाची शाळेची वही दाखवली. "तीन आठवडे शाळा बुडाली. बाईंनी फोन केला होता. किती दिवस चालवायचं, आई?"

मी भाकरी थापत बसले. कुणी खाणारं नव्हतं तरी सहा थापल्या.

रविवार उजाडला. कालिंदीताई जरीकाठी साडी नेसून, उशी घेऊन, पर्समध्ये ती पुस्तिका घेऊन रिक्षात माझ्या आधी बसल्या. चर्चमध्ये शिरलो तर मंजुषाबाईंचं तोंड बघण्यासारखं झालं. त्यांनी आणला होता त्यांच्या जावयाचा मित्र, तो अर्ध्या उपासनेत मोबाईल बघत होता. एरवी मला हे पाहून दिवसभर गोड लागलं असतं. त्या दिवशी मी तिकडं दुसऱ्यांदा बघितलंही नाही.

पाहुण्यांची ओळख झाली. टाळ्या झाल्या. पाळकसाहेब म्हणाले, आता कुणाला देवानं केलेल्या उपकाराची साक्ष द्यायची असेल तर पुढं या.

मंजुषाबाई उठल्या. "माझी नाही, पण द्वारकाबाईंनी द्यायलाच पाहिजे. आपण तीन आठवडे त्यांच्या विहीणबाईंच्या डोळ्यांसाठी झटलो. मी तीन शुक्रवार उपास केले. नवीन पाहुण्यांनाही कळू द्या आपला देव काय करतो. ऑपरेशन कसं झालं, द्वारकाबाई?"

मी पुढं गेले. माईक हातात घेतला. बावीस वर्षं तो माईक माझ्या हातात शोभत आला आहे. डोकं जोरात चालत होतं. ऑपरेशनचा शब्द न काढता सांगता येत होतं. खोटं न बोलता निभावता येत होतं. मी म्हणलं, "प्रभूची कृपा. माझ्या विहीणबाईंना आज दोन्ही डोळ्यांनी अगदी स्पष्ट दिसतं."

शब्द न् शब्द खरा.

"हालेलूया!" मंडळी ओरडली. मागच्या बाकावर म्हातारे काकासाहेब, ज्यांना स्वतःला काही दिसत नाही, ते पंच्यानं डोळे पुसायला लागले. म्हणाले, "मलाही बरं कर रे बापा."

ते मला सोसलं नाही. अन् पलीकडं कालिंदीताई बसलेल्या. रागानं बघत नव्हत्या, तेही बरं झालं असतं. त्यांनी पर्समधून पुस्तिका काढून मांडीवर ठेवली होती अन् हनुवटीला हात लावून वाट बघत होत्या, पुढं काय होतं याची. वाचताना पान उलटायच्या आधी माणूस थांबतो तशा.

"थांबा," मी म्हणलं. "काकासाहेब, रडू नका. विहीणबाईंच्या डोळ्यांना कधी काही झालंच नव्हतं."

काकासाहेबांनी पंचा खाली घेतला.

"ऑपरेशन नव्हतं. मी खोटं सांगितलं. माझी सून घर सोडून गेलीय, अन् ती माझ्यामुळं गेलीय."

पाळकसाहेब घाईनं पुढं झाले. बिचारे घाबरले होते. "आजी, आपण सगळे डोळे मिटून प्रार्थना करू या."

"नको!" मी म्हणलं. माईकमधून जरा मोठ्यानंच गेलं. "कुणी डोळे मिटू नका. मिटलेल्या डोळ्यांनी बोलले, तीच चूक झाली. तुमच्यातले बरेच जण होते त्या कॉटेजला. मी देवाच्या नावानं माझ्या सुनेला बोलले. पहाटे चारला उठून शिफ्ट करून आलेली बाई, अन् मी तिला तेवीस माणसांसमोर लाज दे म्हणलं. देवाला काही सांगायचं नव्हतं मला. तिला ऐकवायचं होतं. तुम्ही आमेन म्हणालात, त्यात तुमचा कसूर नाही, तुम्हाला भूक लागली होती. पण ते आमेन घेऊन पोरगी माहेरी बसलीय. आता बोला मला काय बोलायचं ते."

पहिल्या मंजुषाबाईच बोलल्या. "अहो पण मी तीन शुक्रवार उपाशी राहिले!"

"तो उपास वाया जाणार नाही, मंजुषाबाई. त्यांचे डोळे पुढंही चांगले राहतील."

कुणीतरी हसलं. मग दोघं-तिघं हसले. पुरुषांच्या बाजूला राजेंद्र बसला होता. तीन आठवड्यांत पहिल्यांदा त्या पोरानं मान वर करून माझ्याकडं बघितलं. पाळकसाहेबांनी हातातले कागद बघितले, बारा पानांचा उपदेश होता, अन् ते घडी करून खिशात घातले. म्हणाले, "आज याच्यावर मी काय बोलणार?" उपासना पाऊण तास आधी सुटली. त्याबद्दल चार जणांनी माझे आभार मानले.

बाहेर आल्यावर मी मंजुषाबाईंना सांगितलं, खुर्ची तुमची. त्यांनी नको नको म्हणत घेतली. त्यांना ती शोभत नाही, पण ते मी आता प्रार्थनेत सांगत नाही.

मला वाटलं कालिंदीताई काहीतरी बोलतील. बरं केलंत, धाडस केलंत. तसं काही नाही. त्यांनी उशी काखेत मारली अन् म्हणाल्या, "हे तुम्ही आम्हाला सांगितलंत. आमचं काय बिघडवलं होतं तुम्ही? वैजापूरची गाडी किती वाजता आहे?"

"आत्ता?"

"उद्यापर्यंत तुम्ही मुद्दे काढाल."

राजेंद्र येतो म्हणाला. मी त्याला नको म्हणलं. त्याच्यासमोर सोनियाला नाही म्हणणं जड गेलं असतं, अन् मला तिचं खरं उत्तर पाहिजे होतं.

सेंट्रल बसस्टँडवरून गाडी मिळाली. वाटेत मी कालिंदीताईंना म्हणून दाखवलं, काय बोलणार ते. लहानपणापासून सुरू केलं होतं. माझ्या सासूनं मला कसं छळलं, तरी मी कसं सोसलं, मग आजकालच्या पोरी. त्या म्हणाल्या, "लहान करा." मी लहान केलं. "अजून." गंगापूर फाटा गेला तरी त्यांचं समाधान होईना. शेवटी म्हणाल्या, "सासूला वगळा. त्या वारल्यात."

गल्लीत वळलो तर ओसरीवरून आवाज आला. "आल्या का विहीणबाई? अन् या चष्मेवाल्या कोण? केळी कशाला आणली, घरात हायेत की!"

विहीणबाई कांदे निवडत बसल्या होत्या. मला बसायलासुद्धा न सांगता म्हणाल्या, "आधी मला हे सांगा, माझ्या डोळ्याचं काय काढलंय तुम्ही? पंधरा दिवसांत तुमच्या चार बायांचे फोन आले. एक म्हणती पट्टी काढली का, एक म्हणती गाजर खा. मला वाटलं पोरीला डॉक्टरनं काय सांगितलंय अन् माझ्यापासून लपवतेय. रातची झोप उडाली. मीच जाऊन तपासून आले. डॉक्टर म्हणला, या वयात असे डोळे मी बघितले नाय."

"चांगले आहेत ना? प्रभूची..." मी म्हणलं.

"माझ्यासाठी प्रार्थना बंद करा. भ्या वाटतं."

आतून श्रेया धावत आली अन् माझ्या कमरेला बिलगली. तिच्यामागं सोनिया. दारातच उभी राहिली. मला बघून तिनं ओढणी सारखी केली, एवढंच.

मी उभीच होते. बसमध्ये पाठ केलेलं सगळं गेलं. म्हणलं, "सोनिया, चुकलं माझं. तुला बोलायचं होतं अन् मी देवाच्या आडून बोलले. तुझा काही कसूर नव्हता. चारचौघांत तुला खाली बघायला लावलं. माफ कर."

कांद्याची सालं वाऱ्यानं ओसरीभर फिरत होती.

"चारचौघांत बोललात," ती म्हणाली. "माफी मात्र इथं कोपऱ्यात."

"चर्चमध्येही बोलले. आज सकाळी. माईकवर."

तिला खरं वाटेना. का वाटावं? मग कालिंदीताई पुढं झाल्या. "मी होते तिथं," म्हणाल्या, अन् सगळं सांगितलं. काय सांगितलं म्हणता! एखादा जबाब वाचून दाखवावा तसं, पहिल्यापासून, काही न गाळता. पाळकांनी कोणता डोळा विचारलं ते मीच त्यांना बसमध्ये सांगून बसले होते, तेही सांगितलं. मी आधी "स्पष्ट दिसतं" म्हणून निसटायला बघितलं, तेही सांगितलं. मी डोळ्यांनी खुणावत होते, एवढं तरी सोडा. त्यांनी नाही सोडलं.

"दोन्ही?" सोनिया म्हणाली. "आई, तुम्ही दोन्ही म्हणालात?" अन् तिला हसू फुटलं. दाबायला गेली तर जास्तच आलं. विहीणबाई मात्र हसल्या नाहीत. त्यांना डॉक्टरकडं जावं लागलं होतं.

हसून झाल्यावर तिनं डोळे पुसले. "येते मी. श्रेयाची शाळा बुडतेय, रजाही संपलीय. पण शिफ्ट असेल त्या दिवशी पोळ्या विकतच्याच येतील."

"येऊ दे."

"अन् माझ्याबद्दल काही म्हणायचं असलं तर मला म्हणायचं. माझ्या तोंडावर. मी पण तुम्हाला तोंडावर सांगीन. देवाला मधे घालायचं नाही."

"कबूल," मी म्हणलं. दात-ओठ खाऊन म्हणलं, पण म्हणलं.

चहा झाला. विहीणबाईंनी दहा किलो कांदा बांधून दिला, तो राग गेल्याची खूण की मला उचलायला लावायची शिक्षा, ते अजून कळलं नाही. साडेचारची गाडी मिळाली. पुढच्या सीटवर सोनिया अन् खिडकीशी श्रेया, मागं मी अन् कालिंदीताई. दोन्ही बाजूंनी कापसाची रानं जात होती.

कालिंदीताई माझ्याकडं वळून म्हणाल्या, "द्वारकाबाई, आता एक विचारू? सकाळी तुम्ही तिथं उभ्या राहिलात, बावीस वर्षांची इज्जत हातानं खाली ठेवलीत. ते बळ कुठून आलं? तुमच्या त्या येशूनं तुम्हाला काय दिलंय, ते मला सांगा. पत्रिकेतलं नको. तुमचं."

सव्वीस वर्षं मी या प्रश्नाची वाट बघत होते. अन् आला तो असा, बसमध्ये. साक्षी मला कितीतरी पाठ आहेत. पडदे हलतील अशा आवाजात सांगते. पण त्यातली एकही इथं चालली नसती. पुढच्या सीटवर सोनिया बसली होती अन् तिला घरातलं सगळं मालूम होतं.

सोनियानं मान वळवली. सगळं ऐकत होती म्हणजे.

"सांगा ना, आई," ती म्हणाली. "चुकलं कुठं तर मी सांगते."

मग मी सांगायला लागले. हळूहळू, आठवेल तसं. लासूर स्टेशन येईपर्यंत तिनं मला दोनदा अडवलं, अन् दोन्ही वेळा तिचंच बरोबर होतं.